बंद शटर आणि तीन स्की जॅकेटं

मीना सोनवणे. उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या जॅकेटच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. ह्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, बंद शटरच्या आत गुदमरून गेली. मालक म्हणतो शटर उघडंच होतं, बाईला दमा होता. आत ज्या बायका होत्या त्या गप्प आहेत. तिच्या मुलीला एकच गोष्ट हवीय... आईच्या मरणाचं खरं कारण कागदावर. आम्ही काही पोरं-पोरी त्यासाठी भांडतोय.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, पोरगी भुताच्या गोष्टी सांगायला लागली. मी अंबरनाथ स्टेशनबाहेर अंगात येण्याविरुद्ध पत्रकं वाटलेली मुलगी आहे. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवलीय. तरीही लिहितेय.

शटरचं काय असतं ते माहीत नसेल त्यांच्यासाठी – कामगार खात्याचे तपासणीवाले गल्लीत शिरले की बेकायदा कारखान्याची लाइट बंद, शटर खाली, बाहेरून कुलूप. बायका आत. तपासणीवाले निघून जाईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. त्या दिवशी ते समोरच्या दुकानात चहा पीत बसले. बसलेच.

आता माझ्या दादाकडे येते. दादा-वहिनी बदलापूर पूर्वेला राहतात, दुसऱ्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. दादाचा ऑफिसमधला मित्र निखिल धरून तिघांचं गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरत होतं. दिवाळीच्या आधीचा शनिवार, दुपार, ऑक्टोबरचं ऊन. मी सहज गेले होते. टेबलावर लॅपटॉप, पॅकेजवरून वाद, आणि निखिल दोन हातांत झाडू आणि पोछ्याचा दांडा धरून हॉलमध्ये स्की शिकवतोय.

"गुडघे वाकवा वहिनी! अशा उभ्या राहिलात तर थेट पाकिस्तानात जाल."

"तू आधी कचऱ्याची बादली चुकव," वहिनी म्हणाली. मग तिने पिशवीतून तीन नवी जॅकेटं काढली. जाड, टोपीवाली, निळी. "तिकडे भाड्याने मिळतात म्हणे. हजार लोकांच्या घामाची? शी! आपल्या उल्हासनगरात बर्फ सोडून सगळं बनतं."

"बर्फाची पण फॅक्टरी आहे," निखिल म्हणाला.

तिघांनी जॅकेटं चढवली. चेन गळ्यापर्यंत, टोपी डोक्यावर. दादा म्हणाला, "ए, फोटो काढ आमचा." मी फोन वर केला.

निखिल गुडघ्यात वाकला. मला वाटलं, पोज देतोय. पण तो वाकतच गेला आणि खाली बसला. दादाने हात लांब करून पंखा बंद केला, तोही बसला. मग वहिनी. भिंतीला पाठ, गुडघे छातीशी, एका ओळीत. तिघांनी जॅकेटची बाही तोंडात कोंबली.

मी हसले. "दादा, पुरे."

कोणी हललं नाही. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खोकला दाबून धरल्यावर येतं तसं. मी दादाची चेन खाली ओढायला गेले तर त्याने माझा हात झटकला. तेवढ्यात बेल वाजली. मी दाराकडे वळले, तर वहिनीने माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता. मान हलवली. नको.

व्हिडिओ काढायचं सुचलं नाही. हो, घाला शिव्या.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग खाली हार्डवेअरवाल्याने दुपारची झोप संपवून दुकानाचं शटर वर ढकललं. खडखडाट झाला आणि तिघं एकदम उठले. शिवण संपल्यावर मांडीवरचे दोरे झटकतात ना, तसं झटकलं. मांडीवर काहीच नव्हतं.

"ती बाई कोण होती?" दादाने विचारलं.

"कुठली बाई?"

"बसा गं म्हणाली. ओढणी तोंडात घाला, खोकू नका."

"मला पण 'गं' म्हणाली यार," निखिल म्हणाला.

हे शब्द मीनाताईंचे आहेत. शटर पडलं की त्या सगळ्यांना हेच सांगायच्या. मला ते रेखाताईंनी (नाव बदललंय) सांगितलं – त्या दिवशी आत होत्या त्या – आणि कुठे बोलणार नाही अशी शपथ घालून सांगितलं. आमच्या एकाही पत्रकात ते नाही. घरीही मी बोलले नव्हते. दादा रेखाताईंना ओळखत नाही.

जॅकेटं कुठून आणली? वहिनीने कॅम्प ५ मधल्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. मी गेले. थंडीचा माल उन्हाळ्यातच शिवतात, हा लॉट अक्षय्य तृतीयेच्या आसपासचा. कारखाना? तोच.

"क्या हुआ दीदी, माल में खराबी है?" त्याने विचारलं. मी मान हलवून निघाले.

दादाकडून तिन्ही जॅकेटं घरी आणून मी एकेक करून घातली. चेन, टोपी, सगळं. काहीच झालं नाही. घाम आला. इतके महिने मी त्या बाईसाठी घसा फोडतेय, आणि मला एक शब्द नाही... राग आला, खोटं कशाला बोलू.

दादा म्हणतो उकाड्याने भोवळ आली. तिघांनाही? एकाच ओळीत? त्यावर तो विषय बदलतो. गुलमर्गला जाणार आहेत, जॅकेटं तिकडे भाड्याने घेणार आहेत. भाड्याची वहिनीला आता शी वाटत नाही.

रेखाताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ती अजून तशीच बसलीय का गं?" तरी साक्ष देणार नाहीत. राहतात त्या मालकानेच दिलेल्या खोलीत. त्यांना मी काय बोलणार?

म्हणून तुम्हाला बोलते. भूत मानू नका, मलाही मानायचं नाहीये. पण हे वाचणाऱ्या कॅम्प ५ वाल्यांनो, मीनाताई गेल्या त्या दुपारी तुम्ही त्या गल्लीत होतात. समोर चहा पीत होतात, गाडी लावत होतात, गॅलरीत कपडे वाळत घालत होतात. ते शटर खाली होतं आणि त्याला बाहेरून कुलूप होतं, हे तुम्ही पाहिलंय. या आठवड्यात पोलीस चौकीत चला आणि तेवढंच एक वाक्य स्वतःच्या नावाने लिहून द्या. मी सोबत येते.