साहेब, हात धुऊन घ्या

लाच पकडायच्या ऑफिसात माणसं गंभीर चेहऱ्यानं बसत असतील, असं लोकांना वाटतं. अहो, आमचं तर हसून हसून पोट दुखायचं! चेन्नईतली दोन हजार सालानंतरची ती वर्षं आठवली, की एक किस्सा संपायच्या आत दुसरा घुसतोच.

मी स्टेनो. इन्स्पेक्टर गोविंदराव माझ्यासारखेच तंजावरकडचे मराठी, रिटायरमेंटला आलेले. "लक्ष्मी, एक तरी बडा साहेब कोर्टात उभा केला की मी सुटलो!" हा त्यांचा जप.

छाप्याला जीप हवी होती. जीप मंजूर करणारं खातं कुठलं? छापा घालायचा तेच! आम्ही पोचलो तर गेटवर शिपाई फिल्टर कॉफी घेऊन उभा.

"उशीर केलात सार, दुसऱ्यांदा गरम केली!"

*

पुढच्या वेळी गोविंदराव कुणाला न सांगता शेअर ऑटोनं गेले, मांडीवर सोड्याच्या पाण्याची बाटली घेऊन. आमची पद्धतच ती. लाचेच्या नोटांना पावडर लावायची, घेणाऱ्याचे हात त्या पाण्यात बुडवायचे, गुलाबी झालं की सापडला! त्या खात्याचे बडे इंजिनिअर शण्मुगम यांचं पाणी असं काही गुलाबी झालं की बघत राहावं.

साहेब शांत. "मला घामच तसा येतो."

*

पण खटला भरायला परवानगी त्यांच्याच खात्याची लागते ना! गोविंदराव सारखे फोन करायचे. "विचार चालू आहे." विचार करता करता खात्यानं परवानगी नाकारली आणि शण्मुगमना प्रमोशन दिलं! खुर्ची कुठली? आमच्या जीपा न् पेट्रोल मंजूर करणारी!

"पकडायचं आपण, सोडायचं त्यांनी. बरी वाटणी आहे!" गोविंदराव हसले, पण त्या दिवशी डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं हो.

*

मग गोविंदरावांच्या निरोपाचं जेवण. पेट्रोलवाल्यांना दुखवून कसं चालेल? प्रमुख पाहुणे शण्मुगम! त्यांनी गोविंदरावांना शाल घातली, प्रामाणिकपणावर झकास भाषणही ठोकलं.

केळीची पानं मांडली. गोविंदराव स्वतः तांब्या न् पातेलं घेऊन आले, अदबीनं वाकले.

"साहेब, हात धुऊन घ्या."

शण्मुगमनी दोन्ही हात झटकन पाठीमागे घेतले! पाणी साधं नळाचं होतं, मीच भरलं होतं.

"चमचा आणा," ते म्हणाले.

पानावरचा रसमभात चमच्यानं! अख्खा हॉल बघतोय. रसम वाहत वाहत पँटवर आलं, तरी साहेबांनी पानाला हात लावला नाही.