गुरुवारचं मौन

गेल्या वर्षीपर्यंत मी दर गुरुवारी मौन धरायची. अक्कलकोटच्या स्वामींचा वार. सकाळच्या पूजेपासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात मी रंगाच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं सगळ्यांना माझ्या मौनाची सवय झाली होती, मी चिठ्ठ्या लिहून काम भागवायची. आठवड्याची मीटिंगही नेमकी गुरुवारीच असायची. माझं बरंच होतं म्हणा.

अशाच एका गुरुवारी साहेबांनी सांगितलं, की विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय आणि ते एका सहकाऱ्याचं नाव वर पाठवणार आहेत. त्याला रंग जुळवायला मीच शिकवलं होतं. माझ्याकडे बघून साहेब म्हणाले, मॅडमना घर आहे, मुलगी दहावीत आहे, त्यांना हा व्याप नको. कुणाला काही म्हणायचंय का, असंही त्यांनी विचारलं. मला म्हणायचं होतं. बारा वर्षं त्या जागेची वाट बघितली होती. पण मौन होतं ना! मान खाली घालून बसून राहिले.

नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, बघ, तुला झेपेल तसं कर. झेपेल तसं! सासूबाईंचं पथ्य, मुलीचा क्लास, तिघींचं जेवणखाण झेपतंय का, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. भरल्या घरात इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. स्वामींचाही राग आला. एवढी सेवा केली, आणि ऐनवेळी तुम्हीही पाठ फिरवलीत, असं मी तसबिरीसमोर उभी राहून मनात भांडले.

नावं शनिवारी वर जाणार होती. त्याआधीच्या गुरुवारी रजा टाकून मी एसटीनं अक्कलकोट गाठलं. दर्शन घेतलं. काहीच वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. दुपारी महाप्रसादाच्या पंगतीत बसले. भाताचा वाढपी माझ्यासमोरून दोनदा तसाच पुढे गेला. मौनामुळे हाक मारता येईना, आणि हात पुढे करायची लाज वाटली. शेजारी एक म्हातारी होती, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिनं आधी कानडीत काहीतरी विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मौन हाय व्हय?" असं म्हणून तिनं वाढप्याला हाक मारली आणि माझ्या पानात भात घालायला लावला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "स्वामी कुटं गप बसत हुते, बाई? राजा असू दे न्हाय तर भिकारी, तोंडावर सुनवायचे की. अन् तू त्यांच्याच नावानं गप बसतीस?"

घास हातातच राहिला. मीटिंग मंगळवारी असती तर मी मंगळवारचं मौन धरलं असतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. भर पंगतीत डोळ्यांना धार लागली. हात धुऊन येईपर्यंत ती म्हातारी गर्दीत कुठं गेली कोण जाणे. तिचं गावसुद्धा विचारायचं राहिलं.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "साहेब, त्या जागेसाठी माझंही नाव पाठवा. घराचं काय ते मी बघेन."

त्यांनी चष्मा काढला. "मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात? मौन होतं म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "भीती वाटली म्हणून."

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. जागा अखेर त्या सहकाऱ्यालाच मिळाली. वाईट वाटलं, आजही वाटतं. पण त्या शुक्रवारी जिना उतरताना मी एकटी नव्हते, एवढं नक्की. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता आपलं म्हणणं मांडते आणि मग निकाल स्वामींच्या पायाशी ठेवते. माझी भीती मी त्यांच्या नावाखाली दडवली होती, तरी ते रागावले नाहीत. त्या म्हातारीच्या तोंडून सुनावण्याआधी त्यांनी मला जेवू घातलं.