कळपाचा वास

आमच्या बिल्डिंगमधला वसईचा एक गृहस्थ रोज सकाळी माझ्या गाडीतून कामाला येतो. तो बसला की उग्र दर्प येतो आणि मी काच खाली करतो. इथे दुबईत लिफ्टमध्येसुद्धा अत्तराचा घमघमाट असतो. हा मात्र साधी पावडरही लावत नाही.

एका प्राणीबागेत तो पेकरी सांभाळतो. मुलीला घेऊन एकदा बघायला गेलो. "पप्पा, पिग्ज!" ती ओरडली.

"नो बेटा, पेकरी. अमेरिकेतली. डुकराची लांबची कझिन," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "यांची नजर अधू. पाठीवर मागे वासाची ग्रंथी असते, तिथे एकमेकांना गाल घासतात. वास जुळला की आपला. नाही जुळला की दात वाजवतात. खलास."

तेवढ्यात एक राखाडी, राठ केसांची पेकरी आली आणि त्याच्या पँटला गाल घासून गेली.

सुट्टीवर जाताना तो एक न धुतलेला युनिफॉर्म पिशवीत गच्च बांधून ठेवतो. "घरी बायको दारातूनच आंघोळीला पिटाळते. महिनाभर साबण. परत आलो की या पेकरी माझ्यावरच दात वाजवतात. मग तो शर्ट घालून कुंपणापाशी बसून राहायचं. कळपात घेतील, इन्शाल्ला."

यंदा एअरपोर्टवरून मीच त्याला आणलं. अंगाला घरच्या साबणाचा छान वास होता. पुढचे काही दिवस तो गाडीत ती युनिफॉर्मची पिशवी मांडीवर घेऊन बसायचा.

काल तो बसला आणि तो उग्र दर्प पुन्हा आला.

"घेतलं वाटतं?" मी विचारलं.

तो लाजल्यासारखा हसला. काल मी काच बंदच ठेवली.