सरकारी माहेर

दाईच्या परीक्षेत सगळ्यात अवघड काम म्हणजे दिवस भरलेली बाई मिळवणं. अभ्यासाचं काही वाटलं नाही. पुस्तक उर्दूत होतं आणि मला उर्दू येत नव्हतं, पण पाठ करायला भाषा यावी लागते असं थोडंच आहे? मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं दुसऱ्याकडून वाचून घेऊन घोकलं. लाकडी कमरेतून चामड्याची बाहुली बाहेर काढायचा सरावही झाला. शिवण उसवून तिच्यातला भुसा गळायला लागला, तरी मी तिला जन्माला घालतच होते. पण सनद हवी तर हैदराबादहून येणाऱ्या परीक्षक बाईंसमोर एक खरं बाळंतपण स्वतःच्या हातानं करून दाखवायचं, असा नियम होता. आणि निजामाच्या त्या दिवसांत परभणीच्या आमच्या लहानशा जनाना दवाखान्यात बाळंतपणाला चिटपाखरूही फिरकत नसे. दवाखान्यात माणूस मरायला नेतात, तिथं जन्माला कोण घालणार?

मला पास होणं भागच होतं. सोळाव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं होतं. पुढं सासऱ्यांच्या पाया पडून मी एक वर्ष शिकायची परवानगी मिळवली, तेव्हा दीर म्हणाला होता, "पास झालीस तर सरकारची, न्हाईतर आमची." आमची म्हणजे त्याच्या दोन म्हशी, त्याची पोरं आणि जन्मभर दुसऱ्याची चूल. भावाकडं जायची सोय नव्हती. गळ्यात लिंग असलं की विटाळ नाही, हे आमच्या लिंगायत वाण्याच्या घरी मी लहानपणापासून ऐकत आलेले. पण मी बाळंतपणं करायला शिकणार म्हटल्यावर भावाला साऱ्या जगाचा विटाळ एकदम आठवला. त्यानं दाराला कडी लावून घेतली.

आमचे डॉक्टर साहेब हैदराबादचे, पन्नाशीचे, भला माणूस. दवाखान्याचे मुख्य तेच. पण दवाखाना जनाना, त्यामुळं बाळंतपणाच्या खोलीत पाऊल टाकायची त्यांनाच मनाई. ते पडद्याबाहेर खुर्ची टाकून आत हुकूम सोडायचे आणि मी बाहुलीला ते ऐकवायची. परीक्षा जवळ आली तशी त्यांनाही काळजी लागली. टांगा देऊन त्यांनी मला गावोगाव पाठवलं. दवाखान्याचा टांगा वेशीत दिसला की पोटुशा बाया मागच्या दारानं ज्वारीत पसार व्हायच्या. झरीला मात्र एक सासू ओसरीवरच भेटली.

"पयलं बाळंतपण माह्यरी होत आस्तंय," ती म्हणाली. "तुमचा दवाखाना काय माझ्या सुनेचं माह्यर हाय का?"

हे ऐकून सून आतून बाहेर आली. तिचे आईबाप लहानपणीच गेलेले. चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. दिवस भरत आले होते आणि न्यायला यायला कुणी नव्हतं.

"मी येते की," ती म्हणाली. "पर दवाखान्याला माझं माह्यर करा. मुराळी धाडा. लुगडं-चोळी करा. अन् माह्यर म्हनलं की माय पायजे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. मी सगळ्याला हो म्हणून बसले.

डॉक्टर साहेबांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "ये मुराळी क्या होता?"

मी म्हटलं, बहिणीला सासरहून न्यायला जातो तो भाऊ.

"तो मैं जातूं ना," ते म्हणाले, आणि खरंच गेले. शेरवानी, तुर्की टोपी, काखेत लुगड्याचं पुडकं. झरीच्या लोकांना वाटलं, मोठा अंमलदार चौकशीला आला. साहेबांनी ओसरीवर गूळपाणी घेतलं आणि बहिणीला टांग्यात बसवून आणलं. आता आईची जागा रिकामी होती. दवाखान्यात एक म्हाताऱ्या मद्रासी हेडबाई होत्या. त्यांनी साफ सांगितलं की आपण जन्मभर लग्न केलं नाही, आता सरकारसाठी आई होणार नाही. मग मीच आई झाले. मी बावीस वर्षांची, लेक पंचवीस वर्षांची. डॉक्टर साहेब लेकीचे भाऊ, म्हणजे नात्यानं माझे चिरंजीव.

माहेरी आलेली लेक इकडची काडी तिकडं करत नसते, आणि हिला तर जन्मात पहिल्यांदा माहेर मिळालं होतं. ती खाटेवर बसून हुकूम सोडायची. सरकारी खिचडी तिनं पहिल्याच दिवशी परत पाठवली. तिला चुक्याची भाजी पाहिजे, तव्यावरची भाकर पाहिजे, मध्येच कैरी पाहिजे. अंगणात तीन दगडांची चूल मांडून मी भाकरी थापायची आणि थापता थापता उर्दू प्रश्नोत्तरं घोकायची. लेक आतून ऐकायची. पुढं पुढं मी अडखळले की पुढचा शब्द तीच सांगायला लागली.

दोन दिवसांनी लेकीची सासू गाठोडं घेऊन हजर. "माह्यर कसं हाय ते बघून जाते म्हनलं," म्हणाली आणि राहिली. आता विहीण दारात म्हटल्यावर मानपान आलाच. डॉक्टर साहेबांच्या चिनी मातीच्या कपात आधी विहिणीचा चहा, मग साहेबांचा. वॉर्डाच्या फेरीला निघताना साहेब दारातून विचारायचे, "विहीणबाई, इजाज़त है?" ती डोईवरचा पदर सारखा करून मान हलवायची. एकदा तिनं आम्हां सगळ्यांकडं बराच वेळ बघितलं. "माय वाण्याची, भाऊ मुसलमान, आमी कुणबी," ती म्हणाली. "जमायला तर कायच जमत न्हाई. पर माह्यर म्हनलं की माह्यर."

ठरल्या दिवशी परीक्षक बाई आल्या. सोनेरी काड्यांचा चष्मा, चेहऱ्यावर बसायची माशीची टाप नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्यांना परत जायचं होतं. लेक खाटेवर मांडी घालून फुटाणे खात होती आणि तिच्या पोटात बारीकशीही कळ नव्हती.

"मरीज़ा कहाँ है?" बाईंनी विचारलं.

लेकीला अर्थ बरोबर कळला. "मी काय आजारी हाय का? मी माह्यरी आलेय," ती फणकारली.

मी सगळ्या देवांना नवस बोलले, आणि त्यातल्या कुणीतरी ऐकलं असावं. सकाळी लेकीच्या पोटात दुखायला लागलं. तिला खोलीत नेलं, पडदा सोडला, बाहेर साहेबांची खुर्ची आली. मी कोपरापर्यंत हात धुतले आणि पायथ्याशी जायला निघाले.

"विहीणबाई, तुमी कुठं निघालाव?" सासू म्हणाली. "माईचा हात लेकीच्या बाळंतपनाला लागत नस्तोय. माईचा हात कापतो. माय उशाला पायजे."

"अहो, माझी परीक्षा आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात लेकीनं माझं मनगट धरलं. "माय, हितंच ऱ्हा," ती म्हणाली. "मला लय भ्या वाटायलंय."

हात सोडवून घेता आला असता. दिराच्या दोन्ही म्हशी डोळ्यांपुढं येऊन उभ्या राहिल्या. पण मला आजवर असं कुणी धरलं नव्हतं. मनातल्या मनात मी दिराला, भावाला, सरकारला, ज्यानं ही परीक्षा काढली त्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

"तुम वहाँ क्यों बैठी हो?" परीक्षक बाईंनी विचारलं.

पडद्याबाहेरून साहेबांनी खुलासा केला, "जी, वो माँ हैं."

"किसकी माँ?"

"मरीज़ा की. सरकारी माँ."

"और आप कौन बोल रहे हैं?"

"मैं? मैं भाई हूँ."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि कुणाला काही न विचारता बाह्या वर सारून पायथ्याशी बसल्या. हेडबाई पाणी तापवायला गेल्या होत्या. तोंडी परीक्षा मात्र बाईंनी सोडली नाही. त्या पायथ्याशी हात चालवत विचारायच्या आणि मी उशाकडून उत्तरं द्यायची.

"सर नज़र आए तो क्या करोगी?"

मी तोंड उघडायच्या आत लेक ओरडली, "ज़ोर मत लगाने दो!" आणि तिनंच जोर लावला.

मुलगा झाला. बाईंनी नाळ बांधली, कापली, पोराला फडक्यात गुंडाळलं, आणि त्याला हातात घेऊनच निकाल सांगितला. "जवाब सब सही हैं. मगर बच्चा मैंने निकाला. पास मैं हुई, तुम नहीं हुईं."

मला रडू फुटलं. सासूनं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नापास.

"नापास?" तिचा आवाज खोलीत मावेना. "माझी विहीण नापास? म्या गावात काय सांगू? सून नापास माह्यरात बाळंत झाली म्हनू?"

आणि ती रुसली. लग्नात विहीण रुसते तशी, रीतसर, भिंतीकडं तोंड करून. परीक्षक बाईंनी पोर पुढं केलं तर बघेना. "विहिनीचा आपमान केलेल्या हातून नातू घ्यायची न्हाई मी," भिंतीकडं बघूनच म्हणाली. पोर खाली ठेवायला पाळणा नव्हता. पाळणा माहेरानं बारशाला करायचा असतो म्हणून तो अजून आणलाच नव्हता. पडद्यातून साहेबांचे दोन हात आत आले. बाईंनी नियमावर बोट ठेवून ते परत पाठवले. पोर बाईंच्या खांद्यावर, बाहेर त्यांचा टांगा उभा, आणि विहीण काही हलेना.

ह्या गोंधळात माझ्या मनगटावरची लेकीची पकड सैल पडली.

"माय, मला कसंतरीच व्हायलंय," ती म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं. मी वाकून बघितलं. वार पडली नव्हती आणि रक्ताची धार लागली होती.

मी उठून पायथ्याशी गेले. "माईचा हात..." भिंतीकडून आवाज आला.

"गप बसा!" मी ओरडले. विहिणीवर ओरडलेली लेकीची आई मराठवाड्यात त्याआधी झाली नसेल. पुस्तकातलं एक अक्षरही आठवत नव्हतं. हातांना तेवढं आठवत होतं. पोटावर हात ठेवून पिशवी चोळत राहिले. बराच वेळ ती मळलेल्या पिठासारखी मऊच लागत होती. मी चिरडीला येऊन लेकीला दम देत होते, की झोपू नकोस, डोळे मिटलेस तर बघ, माहेर बंद करीन. मग हाताखाली पिशवी घट्ट झाली, वार पडली आणि धार थांबली. लेकीनं डोळे उघडून पाणी मागितलं.

परीक्षक बाई पोराला थोपटत सगळं बघत होत्या. "दिखाओ," त्या म्हणाल्या. मी वार ताटात पसरून दाखवली. कुठं तुकडा आत राहिला नाही ना, हे त्यांनी वाकून बारकाईनं बघितलं.

"पूरी है," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वार गिरे बग़ैर ज़चगी पूरी नहीं होती. ज़चगी तुमने पूरी की. पास."

"काय म्हन्ली?" भिंतीनं विचारलं.

"पास म्हन्ली," लेकीनं बारीक आवाजात सांगितलं.

सासू वळली, पदराला हात पुसले आणि नातू घेतला. "विहिनीवर वरडू न्हाई," मला म्हणाली, "पर जाऊ द्या." बाहेर साहेब कुणाला तरी मिठाई आणायला पिटाळत होते. परीक्षक बाईंना गाडी मिळाली का, हे मला आजही माहीत नाही.

परीक्षा झाल्याचं कळून पुढच्या आठवड्यात दीर बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. ओसरीवर विहीण बसलेली होती.

"विहीणबाईचे दीर का? बसा, पान खा," ती म्हणाली. "त्या पास झाल्यात, ठाव न्हाई व्हय? आता त्या सरकारच्या. अन् माझी सून बाळंतीन हाय. माय गेली तर तिनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

दीर पान खाऊन रिकामी गाडी घेऊन गेला. पुन्हा आला नाही. मी आत लेकीला शेक देत होते. मला हे सगळं नंतर कळलं, आणि कळल्यावर मी हातातली शेगडी खाली ठेवून पोटभर हसले.

सव्वा महिन्यानं जावई गाडी घेऊन आला. पाळणा साहेबांनीच आणला होता, तो गाडीत चढवताना त्यांनी दोनदा टोपी काढून डोळे पुसले. मी शिदोरी बांधून दिली. लेक माझ्या गळ्यात पडून असं रडली की वॉर्डातल्या रोगी बायाही रडायला लागल्या. सासू म्हणाली, पुरं आता, पोराला ऊन लागायलंय.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी आत आले. माझ्या उशाशी नेमणुकीचा कागद पडला होता, सोनपेठच्या दवाखान्याचा. वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो. मी चादर बदलायला तिच्या खाटेपाशी गेले आणि तशीच खाटेवर बसून राहिले. मला पुढं कधी मूलबाळ झालं नाही. पण लेक सासरी गेल्यावर घर कसं खायला उठतं, ते मला कुणी सांगायला नको.