बुधीचा मुडा

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवासमोर बसले की कधी कधी ओठांवर येतं, पण तिथंही मी लगेच पोरांसाठी काहीतरी मागायला लागते. म्हणजे बघा, किती पक्की आहे मी! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती अजून होत नाही.

किन्हवलीच्या अलीकडे आमचं गाव. नवरा शहापूरकडे हायवेवरच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा गावात कंपनीत जाणारे मोजकेच होते. मग काय, मी कंपनीवाल्याची बायको! विहिरीवर जायचं तरी धुतलेलं पातळ नेसून. बायका भाजीच्या दराबद्दल बोलायला लागल्या की मी असं तोंड करायचे, जसं काय मला दर माहीतच नाहीत. हसताय? हसा. हसण्यासारखंच होतं ते.

आणि मग एका उन्हाळ्यात, नव्वदच्या पुढची गोष्ट आहे, थोरला तेव्हा चौथीत होता, कंपनीचा पगारच झाला नाही. नवरा हात हलवत घरी आला. म्हणाला, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देणार आहेत, कुणाला सांगत बसू नको. मी कशाला सांगते? मला तर त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

घर चालवायला मला येतं, हे खोटं नाही. दूध बंद केलं, काळा चहा सुरू केला. आमच्या एवढ्याशा शेतातलं भात शिमग्यालाच संपलेलं, बियाणं तर आम्ही विकतच आणायचो; रेशनचा तांदूळ पुरवून पुरवून वापरला. सकाळी पेज, दुपारी नाचणीची भाकरी, वर सुकटीची चटणी. डाळीत एवढं पाणी की पोरगा म्हणाला, आये, यात डाळ कुठंय? कैऱ्या होत्या, वाडीवरच्या बायका रानभाजी देऊन जायच्या. पोरं उपाशी झोपली नाहीत. हे नीट ऐका, कारण पुढे मी काहीही सांगितलं तरी हे विसरू नका. माझी पोरं उपाशी नव्हती.

तर — बुधी. आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कडेला वाडी आहे, तिथली ती. दिवाळी झाली की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जायची ती पेरणीच्या तोंडावर परत यायची. मागे झोपड्या रिकाम्या. तिथं बियाणं ठेवलं तर उंदीर खाणार, नाहीतर वळवाचा एखादा पाऊस भिजवणार. म्हणून ती माणसं आपलं बियाणं खाली गावात ओळखीच्या घरी ठेवून जायची. बुधीचं आमच्याकडे. चांगल्यातल्या चांगल्या लोंब्या निवडून झोडलेलं भात, वाळवून, राख लावून, पेंढ्यात गुंडाळून सुंभाने करकचून बांधलेलं. त्याला मुडा म्हणतो आम्ही. तो आमच्या माळ्यावर असायचा. ठेवायचे पैसे नाहीत, लिहिणं नाही, काही नाही. ती त्याच्या बदल्यात आमच्या लावणीला एक दिवस येऊन जायची, आणि न मागता मध आणून द्यायची.

त्या वर्षी मुडा ठेवायला आली तेव्हा तिच्या कडेवर तान्ही पोर होती. मुडा माझ्या हातात देताना म्हणाली, "सांभाळा वयनी." मी म्हटलं, हे काय सांगायला हवं?

मी सांगायचं टाळतेय ना? कळतंय मला.

मे महिन्यात कल्याणहून माझी नणंद आली, पोरांना घेऊन, सुट्टीला. दरवर्षी यायची. स्वभावाने काही वाईट नव्हती बिचारी. पण तिच्यासमोर पेज वाढायची? कंपनीवाल्याच्या घरात? तिनं जाऊन सासरी सांगितलं तर — दादाकडे खायला नाही? मी सरळ सांगू शकले असते की पगार झाला नाही, आहे ते खाऊ. तिनं खाल्लं असतं. उलट पदर खोचून माझ्याबरोबर भाकऱ्या थापल्या असत्या. एवढंच करायचं होतं हो मला. एक वाक्य.

मी माळ्यावर चढले आणि सुंभ सोडलं.

पहिल्या दिवशी थोडंसंच घेतलं. राख धुतली, गिरणीत नेऊन भरडून आणलं. भात काय सुंदर झाला होता! मोकळा, वासाचा. नणंद म्हणाली, वहिनी, असा भात आमच्याकडे मिळत नाय. आणि मला बरं वाटलं. कसं सांगू तुम्हाला, मला खरंच बरं वाटलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले. ती जाईपर्यंत मुडा अर्ध्याच्या खाली आला होता.

ती गेली आणि मग माझी झोप उडाली. भट्टीवाले परत यायचे दिवस जवळ आले होते आणि पगाराचा पत्ता नव्हता. मी एसटी पकडून मुरबाडवरून माहेरी वैशाखऱ्याला गेले. भाऊ तिथं शेती करतो. त्याला म्हटलं, भात दे थोडं. त्यानं विचारलं, "खायला का पेरायला?"

मी म्हटलं, खायला.

का म्हटलं? पेरायला म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुम्ही तर बियाणं विकत आणता, मग हे कुणासाठी? मग सगळंच निघालं असतं. त्यानं मला जुन्या कणगीतलं भात दिलं. दोन-तीन पावसाळे बघितलेलं. खायला जुनं ते चांगलंच, आजाऱ्याला देतात तसलं. पण ते रुजत नाही. मी शेतकऱ्याची पोर आहे, मला हे माहीत नव्हतं असं समजू नका. रंगाला दोन्ही सारखीच होती. घरी येऊन मी चुलीतली राख लावली, उरलेल्या बियाण्यात ते मिसळलं आणि मुडा पुन्हा बांधला. तिची गाठ होती तशीच गाठ मारली. म्हटलं, थोडं तरी रुजेल. कधी कधी जुनंही रुजतं. असं काहीबाही स्वतःला सांगत होते.

बुधी आली. कडेवर पोर नव्हती. भट्टीवरच तापानं गेली, म्हणाली. मी मुडा काढून दिला. तेव्हाही सांगता आलं असतं. त्याच आठवड्यात दोन्ही पगार एकदम आले, शहापूरच्या बाजारातून चांगलं बियाणं आणून तिच्या पुढ्यात टाकता आलं असतं. आम्ही पोरांची दप्तरं आणली. मला एक पातळ आणलं.

बियाणं पेरायच्या आधी थोडं ओल्या फडक्यात बांधून मोड येतात का बघायची रीत आहे. पण ती विकतच्या, दुसऱ्याकडच्या बियाण्याला. स्वतःच्या हाताने निवडलेलं, आपल्या माणसाकडे ठेवलेलं बियाणं कोण बघतो? तिनं नाही बघितलं. राबात, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीच्या तुकड्यात, सरळ पेरलं.

राब उगवला तो असा, इथं चार काड्या, तिथं चार काड्या, मध्ये नुसती काळी माती. आजूबाजूला सगळ्यांचे राब हिरवेगार. मी मुद्दाम त्या बाजूने गेले बघायला. का गेले कुणास ठाऊक. बुधी तिथं उकिडवी बसून मातीत बोटं घालून दाणे उकरत होती. एकेक दाणा काढून बघत होती, अख्खा, जसाच्या तसा.

मला वाटलं, आता बोलेल. आता विचारेल. उत्तर तयार होतं माझं, उंदीर, दमट हवा, काय वाट्टेल ते.

ती म्हणाली, "वयनी, माझ्या हातून काय रुजत नाय. पोर नाय, भात नाय. सासू बोलतं ते खरंच हाय."

तिची सासू साऱ्या वाडीत सांगत फिरत होती की हिचा हातच वाईट. आणि हिनं ते मानलं होतं. मला एक शब्द बोलायचा होता तिथं. एकच. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "असं बोलू नये गो." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. याच हाताने.

वाडीतल्यांनी उरलीसुरली रोपं दिली तेवढीच तिनं लावली. बाकीचं रान तसंच पडून राहिलं. त्या वर्षी ती माणसं दिवाळीही न करता भट्टीवर गेली. जाताना बुधी शेजारणीकडून बदलून आणलेल्या बियाण्याचा छोटासा मुडा घेऊन आली — आमच्याकडेच. दुसरीकडे कुठं ठेवणार, म्हणाली, तुमच्याशिवाय भरवसा कोणाचा?

आणि पुढच्या पेरणीला मला बोलवायला आली. म्हणाली, पहिली मूठ तुमी टाका वयनी, तुमचा हात चांगला हाय, तुमच्या घरात सगळं भरलेलं असतं. मी गेले. नाही कसं म्हणायचं? कारण काय सांगायचं?

तेव्हापासून दरवर्षी जाते. आता दोन हजारची सालंही बरीच सरली. बुधीला नंतर दोन मुलगे झाले, चांगले मोठे झाले, थोरल्याची बायकोही आली. सासू तर कधीच गेली. तरी बुधी बियाण्याला हात लावत नाही. लावणी करते, कापणी करते, भारे वाहते, पण बियाण्याला नाही. गेल्या खेपेला सून पेरायला पुढे झाली, तर बुधीनं तिला मागे ओढलं. म्हणाली, थांब, आधी वयनीचा हात लागू दे.

ती बांधावर उभी राहते, दोन्ही हात पदरात गुंडाळून, बियाण्यापासून लांब. सगळी माझ्याकडे बघत असतात. मी मूठ भरते आणि टाकते. आणि उगवतं. दरवर्षी, सगळंच्या सगळं उगवतं.