वरचे पन्नास किलो

ती दुपार आठवली की माझा हात आजही आपसूक घड्याळाकडे जातो. तेव्हा मी शिरूरला फौजदार होतो. ऐन उन्हाळ्यात एक बाई रडत ठाण्यात आली. दौंडच्या बाजारात आयुष्यभर मापाडी राहिलेले तिचे वडील सकाळपासून बेपत्ता होते. स्मृती गेल्यामुळे ते तिच्याकडेच राहत. मिसिंगची तक्रार नोंदवत असतानाच, तिने सकाळी विचारपूस केलेल्या हमरस्त्यावरच्या चहावाल्याचा फोन आला, "सायेब, म्हातारबुवा गाड्यांच्या वजनकाट्यावर बसले व्हते."

मी काट्यावर गेलो. काटेवाला मात्र ठाम होता. "आबा आज आलंच न्हाईत." न विचारता त्याने हे दोनदा सांगितले. हा म्हाताऱ्याला कशाला लपवेल, मला कळेना. सकाळच्या पावत्या मागवल्या. सणसवाडीला भंगार आणायला निघालेल्या एका बंद टेम्पोचे रिकामे वजन आरसी बुकापेक्षा दोनशे किलो जास्त होते. मी आवाज चढवला तसा तो फुटला.

"मागं वाळूची पोती ठिवतो, सायेब. रिकामी गाडी जड दिसली की भंगार कागदावर कमी भरतं, कंपनीला पैसं कमी द्यावं लागत्यात. भरायच्या आधी पोती टाकून देत्यात."

"किती वाळू?"

"दीडशे किलो."

"आणि वरचे पन्नास?"

त्याचा चेहरा उतरला. "आबा म्हणत व्हते, मागं चढून बघितल्याबिगर रिकामं वजन घिऊ नका. मी हसण्यावारी नेलं. तेच मागं चढलं आसत्याल. आन् डायवरनं न बघताच कडी लावली."

गाडी बारा वाजता गेली होती. घड्याळात सव्वादोन. वर तापलेला पत्रा, आणि ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. सणसवाडीच्या हवालदाराला गाडीचा नंबर दिला आणि आबांच्या मुलीला घेऊन जीप काढली. खरं सांगतो, वाटेत मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा कंपनीच्या फाटकाबाहेरच्या रांगेत टेम्पो उघडा होता. हवालदाराने आबांना सावलीत बसवले होते. अंग घामाने निथळत होते, पण जीव होता. आतली दोन पोती त्यांनी दारापर्यंत ओढून आणली होती.

काटेवाला आणि ड्रायव्हर, दोघांवर गुन्हा दाखल झाला. काटेवाल्याला म्हाताऱ्याचं वाईट करायचं नव्हतं, आपली लबाडी तेवढी झाकायची होती. त्यापायी एक जीव जाणार होता. तेव्हापासून खोटं सापडलं की त्याच्या आड आणखी कोण अडकलंय, हे मी आधी विचारू लागलो.

त्या दुपारी सावलीत मुलीने आबांपुढे पाण्याचा तांब्या केला. आबांनी तो बाजूला सारला आणि माझ्या वर्दीकडे पाहत म्हणाले, "गाडी रिकामी न्हाई, सायेब. वजन परत घ्या."