विचारल्याशिवाय टोचलेली सुई

"हा पाय बघा," असे म्हणून डॉक्टरांनी माझी सलवार गुडघ्याच्या वर सरकवली. मला विचारले नाही. अकोल्यातल्या त्या खासगी दवाखान्यात मी पालथी पडले होते. भोवती फिजिओथेरपीचे शिकाऊ विद्यार्थी उभे होते. डॉक्टरांनी माझे पाऊल झटक्याने दाबले. ते थडथड उडू लागले. थांबेना.

"बाई मास्तरीण आहेत. राखीव जागेवरच्या. खुर्चीत बसून पगार घ्यायचा, मग स्नायू आखडणारच."

विद्यार्थी हसले. साहेबांना हसलेले आवडते, एवढा अभ्यास त्यांचा झाला होता.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराचीच संरक्षणयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे वेष्टन कुरतडते. निरोप नीट पोहोचत नाहीत, स्नायू ताठरतो. मी वलगावच्या शाळेत शिकवते, उभी राहून. उजवी टाच जमिनीला टेकेनाशी झाली, तेव्हा ड्राय नीडलिंग सुरू केले. यात औषध नसलेली बारीक सुई थेट आखडलेल्या स्नायूत टोचतात. मला गुण येई. चार दिवस टाच टेके. त्या चार दिवसांसाठी मी अमरावतीला बस बदलून अकोल्याला जात असे. डॉक्टरांना हे ठाऊक होते. समोरच्याची गरज ओळखण्यात त्यांचे निदान कधी चुकले नाही.

पहिल्या भेटीत मी 'मॅडम' होते. मग त्यांनी आडनाव विचारले. नंतर, वलगावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारले. पुढच्या वाक्यात मी 'तुम्ही लोक' झाले. या तपासणीला सुई लागत नाही.

पोटरीत तिसरी सुई गेली. स्नायू आतल्या आत उसळला. "उडाला, बघा," डॉक्टर म्हणाले. पाचवीच्या वर्गात बेडकाचे चित्र दाखवतानाही मी याहून आदराने बोलते.

कापसाचा ट्रे धरलेल्या मदतनीस मावशी माझ्या कानाशी वाकल्या. "शाळेत त पोरं तुमाले भेत असतीन, बाई. इथं कावून मुक्या पडून राहिल्या?"

मला माझ्या मुकेपणाची लाज वाटली.

"सुया काढा," मी म्हणाले.

"अजून दोन बाकी आहेत. हलू नका."

"काढा. मी परवानगी दिलेली नाही."

"टाच टेकायची आहे ना, बाई?"

"आहे. सुया काढा."

त्यांनी काढल्या. काठी घेऊन, टाच अधांतरी ठेवून मी विद्यार्थ्यांसाठी भिंतीवर लावलेल्या फळ्यापाशी गेले. तिथे त्यांनी कृती लिहिली होती : एक, स्नायू ओळखणे, दोन, त्वचा स्वच्छ करणे, तीन, सुई टोचणे. मी प्रत्येक आकडा पुसून एकाने वाढवला. सर्वांत वर लिहिले : एक, रुग्णाला नाव विचारणे व परवानगी घेणे.

"उतरवून घ्या," मी विद्यार्थ्यांना म्हणाले.

त्यांच्यातल्या दोघींनी वह्या उघडल्या. डॉक्टर फळ्याकडे पाठ करून हातमोजे काढत राहिले. त्यांच्या इयत्तेला तो धडा कठीण होता.

त्या आठवड्यात टाच टेकली नाही. टेबलाची कड धरून मी अपूर्णांक शिकवले. आता मी दुसरे डॉक्टर शोधते आहे. सापडेपर्यंत टाच वर राहील. जे सापडतील त्यांनीही आधी विचारायचे. मी 'हो' म्हणेपर्यंत पाय झाकलेला राहील.